सायकलीचा दिवस म्हणजे सुट्टीचा दिवस नव्हे

धावणे आणि सायकल चालवणे ही दोन्ही वेडे ज्यांना एकाच वेळी लागली आहेत, त्यांच्या बोलण्यात एक हिशेब हमखास ऐकू येतो. सोमवारी धावून पोटऱ्या आंबल्या तर मंगळवारी सायकल काढायची, सायकलीने मांड्या भरून आल्या तर बुधवारी पुन्हा बूट चढवायचे. एका खेळाने थकवलेला अवयव दुसऱ्या खेळात आराम करतो, तेव्हा आठवड्याचे सातही दिवस कामी लावता येतात, असा हा हिशेब आहे. तो पूर्णपणे चुकीचा असता तर त्याला कोणी भुलले नसते. तो अर्धा बरोबर आहे, आणि त्या बरोबर अर्ध्याच्या भरवशावरच दोन्ही खेळ करणारी माणसे, आपण समतोल साधतो आहोत अशा समजुतीत, अतिरेकापर्यंत जाऊन पोहोचतात. मी स्वतः दोन्ही करते, मनाचा कल धावण्याकडे अधिक आहे, आणि या हिशेबातला कोणता अर्धा कोणता हे नीट लावून पाहणे मला गरजेचे वाटत आले आहे.

आधी बरोबर असलेला भाग पाहू. धावताना प्रत्येक पावलामागे एक क्षण असा येतो की दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले असतात, आणि पुढच्याच क्षणी सगळे शरीर एका पायावर येऊन पडते. निवांत वेगातही त्या पायावर शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट भार येतो. मिनिटाला १६० ते १८० पावले धरली, तर तासाभरात दहा हजारांच्या आसपास पावले पडतात, म्हणजे एकेका पायाच्या वाट्याला पाच हजार आघात येतात. हा भार पेलताना मांडीचा पुढचा स्नायू आणि पोटरी यांना एक अवघड काम करावे लागते. गुडघा थोडा वाकू द्यायचा पण कोसळू द्यायचा नाही, म्हणून ते ताणले जात असतानाच जोर लावत राहतात. स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते ती प्रामुख्याने अशा कामात, आणि लांब उतारावरून धावल्यानंतर जिना उतरताना कठड्याचा आधार का घ्यावा लागतो, याचे उत्तरही त्यातच आहे. हे दुखणे त्याच संध्याकाळी येत नाही, ते एक ते तीन दिवसांत चढते.

सायकलीवर हा आघातच नसतो. वजन सीट, हँडल आणि पायडल यांच्यात वाटले जाते, पाय गोल फिरतो, कुठे आदळत नाही, आणि स्नायू आखूड होता होता जोर लावतात. त्यामुळे चार तास सायकल चालवलेला माणूस दुसऱ्या दिवशी जिना नीट उतरतो, चार तास धावलेला उतरत नाही. नडगी, टाच, तळपाय आणि टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) यांच्या दृष्टीने पाहिले तर सायकलीचा दिवस खरोखरच सुट्टीचा असतो. इथपर्यंत हिशेब बरोबर आहे.

पण सुट्टी मिळते ती फक्त त्यांनाच. हृदय दोन्हीकडे तेच असते. यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे राखीव साखरेचा, साठा तोच असतो, घामावाटे जाणारे पाणी आणि क्षार त्याच शरीरातून जातात, आणि रात्रीची जी झोप दोन्हींची भरपाई करणार असते तीही एकच असते. मांडीचे आणि कुल्ल्याचे मोठे स्नायू तर दोन्ही खेळांत राबतात, फक्त राबण्याची रीत बदलते. चढाच्या रस्त्यावर मनापासून सायकल चालवल्यावर दुसऱ्या सकाळी धावायला निघाले की कुठेही बोट ठेवून इथे दुखते असे सांगता येत नाही, आणि तरीही पळवत नाही. नेहमीच्या वेगाला श्वास वरचा लागतो, पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे उशिरा सुटते. हा थकवा खराच असतो. दुखण्याच्या भाषेत तो बोलत नाही, म्हणून त्याला थकवा म्हणून मोजले जात नाही, आणि दोन खेळांच्या हिशेबातली मुख्य गळती मला इथे दिसते.

हृदय आणि फुप्फुसे यांच्या बाजूने दोन्ही खेळ किती एकत्र येतात, याचा एक जुना आणि अजूनही बोलका प्रयोग आहे. १९७७ साली अमेरिकी संशोधक रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज सुमारे ४० मिनिटे असा अतिशय कडक व्यायाम दिला. एक दिवस सायकलीवर पाच-पाच मिनिटांचे जोरकस टप्पे, दुसऱ्या दिवशी जमेल तितक्या वेगाने सलग धावणे, असा आलटून पालटून क्रम होता. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे धावणाऱ्यांच्या घड्याळांनी घरोघरी नेलेला व्हीओटू मॅक्स, सरासरी ४४ टक्क्यांनी वाढली. सायकल आणि धावणे यांची बेरीज हृदयाच्या पातळीवर होते, याची याहून स्पष्ट खूण शोधायला नको. त्यात हेही उघड आहे की असा कार्यक्रम दहा आठवड्यांच्या प्रयोगापुरता असतो, तो वर्षभराचा दिनक्रम म्हणून कोणी घेऊ नये.

मला या प्रयोगापेक्षा त्याचा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. हिक्सन यांनी पुढच्या काही वर्षांत असाच व्यायाम करून तयार झालेल्या लोकांचा सराव कमी करून पाहिला. सहा दिवसांऐवजी चार किंवा दोनच दिवस केले, पण त्या दिवसांचा जोर आणि वेळ तोच ठेवला, तेव्हा १५ आठवड्यांनंतरही कमाल क्षमता टिकून राहिली. नंतर दिवस तेवढेच ठेवून ४० मिनिटांची २६ किंवा १३ मिनिटे केली, तरी ती टिकली. मात्र १३ मिनिटेवाल्यांचा लांब वेळ तग धरण्याचा दम घटला. जोर एक तृतीयांश किंवा दोन तृतीयांश कमी केला तेव्हा मात्र वेळ आणि दिवस पूर्ण असूनही क्षमता घसरली. याचा अर्थ असा की कमावलेले टिकवायला, ते कमवायला लागले त्यापेक्षा बरेच कमी लागते, आणि ते कमी असले तरी त्यात थोडा तरी खरा जोर असावा लागतो. दोन्ही खेळ करणाऱ्याच्या अतिरेकामागे हौसेपेक्षा भीती अधिक असते, असे माझे निरीक्षण आहे. सायकलीच्या मोसमात धावणे सुटेल, धावण्याच्या मोसमात सायकल सुटेल, म्हणून दोन्ही पूर्ण मापाने चालू ठेवायचे. हिक्सन यांचे आकडे वाचल्यावर ही भीती बरीच हलकी होते. एका मोसमात एक खेळ वाढवावा आणि दुसरा आठवड्यातून दोनदा, नेटका पण थोडका, राखावा. दोन्ही एकाच वेळी वाढवण्याचे कारण, दोन्हींची जोड शर्यत तोंडावर नसेल तर, मला सापडत नाही.

हिक्सन यांनी मोजले ते हृदयाचे आणि दमाचे. हाडे आणि कंडरा यांचा वेग निराळा असतो, आणि दोन खेळांचा समतोल बिघडतो तो बहुतेक वेळा या वेगांच्या फरकामुळे. नवा सराव सुरू केल्यावर रक्तातला द्रवभाग काही दिवसांतच वाढू लागतो, म्हणून आठ-दहा दिवसांत दम सुधारल्यासारखा वाटतो आणि तो खरोखर सुधारलेलाही असतो. स्नायूंमधील मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रे, काही आठवड्यांत वाढतात. कंडरांना महिने लागतात, कारण त्यांचा रक्तपुरवठा मुळात बेताचा असतो. हाडांचे तर आणखी विचित्र आहे. रस्त्याची दुरुस्ती करताना जसा आधी खराब भाग खणून काढावा लागतो, तसे आघात सोसणारे हाड आधी आपला जुना भाग पोखरून काढते आणि मग त्या जागी नवा भरते. हे एक आवर्तन पुरे व्हायला तीन-चार महिने लागतात, आणि त्यातला खणण्याचा भाग लवकर उरकतो, भरण्याचा सावकाश चालतो. म्हणजे धावणे नव्याने वाढवल्यावर पहिल्या काही आठवड्यांनी असा काळ येतो की दम भरपूर वाढलेला आहे आणि नडगी मात्र पूर्वीपेक्षा थोडी कच्ची आहे.

आता याच चित्रात सायकल आणून ठेवावी. जो माणूस दोन वर्षे सायकल चालवून धावण्याकडे वळतो, त्याचे हृदय, त्याचे रक्त, त्याच्या मांड्या अनुभवी खेळाडूच्या असतात, आणि त्याच्या नडग्या व तळव्याची हाडे पहिल्या दिवशी धावायला निघालेल्या नवशिक्याची असतात. साध्या नवशिक्याला त्याची धाप वाचवते, कारण दोन किलोमीटरनंतर त्याला थांबावेच लागते. सायकलपटूला तशी धाप लागत नाही. तो पहिल्याच आठवड्यात दहा किलोमीटर हसतखेळत धावतो, पुढच्या आठवड्यात पंधरा, आणि नडगीच्या आतल्या कडेला ठणका सुरू होतो तेव्हा त्याला प्रामाणिकपणे आश्चर्य वाटते. ठणका लांबलचक पट्ट्यात पसरलेला असेल आणि थोडे धावल्यावर सैल पडत असेल, तर बहुधा ते हाडाच्या कडेवरच्या ताणाचे दुखणे असते. तो एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी असेल, एका पायावर उडी मारताना तिथेच सणक जात असेल किंवा रात्री पडल्यावरही दुखत असेल, तर हाडाला तडा जात असण्याची शंका घेऊन डॉक्टरांकडे जावे. असे तडे सुरुवातीच्या साध्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाहीत, एमआरआयमध्ये दिसतात, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून लगेच बूट चढवणे शहाणपणाचे नाही.

उलट दिशेने जाणाऱ्याचे, म्हणजे धावणाऱ्याने सायकल घेतल्याचे, त्रास तितके गंभीर नसतात, पण चिवट असतात. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते, फार उंच असेल तर मागच्या बाजूला. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला राहावा, हे माप बहुतेकांना चालते. हँडलवर भार टाकून बसण्याने करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते, कारण तळहाताच्या त्या कडेने जाणारी नस दाबली जाते. जड गिअरमध्ये मिनिटाला पायडलच्या साठ फेऱ्यांनी रेटण्याची सवयही धावणाऱ्यांमध्ये मी फार पाहते. हलका गिअर आणि ८५-९० फेऱ्या हे त्यांना सुरुवातीला पोकळ वाटते, कारण पायाला काही लागतच नाही. गुडघ्यांना तेच मानवते. आणि निव्वळ सायकलच चालवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्षानुवर्षे केवळ रस्त्यावरची सायकल चालवणाऱ्यांच्या हाडांची घनता, विशेषतः कण्याच्या भागात, कमी असल्याचे अनेकदा आढळले आहे. हाडाला आघाताची भीती असते तशी गरजही असते. म्हणून आठवड्यातून दोन छोटी धावणी सायकलपटूलाही हवीतच.

मोजायचे कसे, हा प्रश्न इथे येतो, आणि किलोमीटर त्याला कामाचे नाहीत. धावण्याचा एक किलोमीटर म्हणजे सायकलीचे तीन की चार, यावर तासन् तास वाद घालता येतो. सपाट रस्ता आणि वारा पडलेला असेल तर खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या दृष्टीने ते गुणोत्तर ढोबळमानाने खपून जाते, पण वारा समोरून आला की सायकलीचा हिशेब कोलमडतो, कारण हवेचा विरोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मला त्यापेक्षा अमेरिकी क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांची साधी पद्धत आवडते. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचे की एकूण कितपत जड गेले, शून्य ते दहामध्ये आकडा द्यायचा, आणि त्याने मिनिटांना गुणायचे. पन्नास मिनिटांचे सातच्या जोराचे धावणे म्हणजे ३५०, अडीच तासांची चारच्या जोराची सायकल म्हणजे ६००. हे जड गेल्याचे आकडे मुळात स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांच्या कल्पनेतून आले. त्यांची पहिली मोजपट्टी सहापासून वीसपर्यंत होती, कारण निरोगी तरुण माणसाच्या हृदयाच्या ठोक्यांना दहाने भागल्यावर साधारण तेवढे आकडे येतात. सायकलीच्या निवांत वाटलेल्या फेरीचा आकडा धावण्याच्या घाम काढणाऱ्या सकाळीपेक्षा जवळजवळ दुप्पट निघतो, हे कागदावर पाहिले की सुट्टीच्या दिवसाविषयीची समजूत आपोआप ढिली होते.

अर्थात या आकड्यालाही नडगी कळत नाही. म्हणून माझ्या वहीत दोन रकाने असतात. एकात दोन्ही खेळांचा मिळून हा भार, दुसऱ्यात केवळ धावण्याची मिनिटे. पहिला रकाना झोप, भूक आणि मनःस्थिती यांच्याशी ताडून पाहायचा, दुसरा पोटरी, नडगी आणि टाच यांच्याशी. पहिला रकाना फुगला तर सायकल कमी करूनही भागते, दुसरा फुगला तर धावणेच कमी करावे लागते, आणि एका रकान्याचा उपाय दुसऱ्याच्या दुखण्यावर चालत नाही.

फॉस्टर यांनी १९९८ साली याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट काढून दाखवली, आणि दोन खेळ करणाऱ्यांसाठी ती मला सर्वांत मोलाची वाटते. त्यांनी आठवड्याच्या रोजच्या भाराची सरासरी घेतली आणि तिला त्या भारातील चढउताराच्या मापाने, म्हणजे प्रमाण विचलनाने, भागले. जो आकडा येतो तो सरावाचा एकसुरीपणा. तो दोनच्या वर जाऊ लागला की सावध व्हावे. आता आलटून पालटून धावणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्याचा आठवडा पाहावा. ३५०, ४५०, ४००, ३५०, ४५०, ४००, ४०० असे भार आहेत, एकूण २८००. रोज वेगळा खेळ, वेगळा रस्ता, वेगळे कपडे, त्यामुळे करणाऱ्याला आपला आठवडा अतिशय विविध वाटतो, आणि एकसुरीपणा मात्र दहाच्या घरात येतो. तेच २८०० दुसऱ्या रीतीने वाटावेत: शून्य, ६००, २००, ८००, १००, ३००, ८००. एकसुरीपणा सव्वाच्या आसपास उतरतो. बेरीज तीच राहिली, पण दुसऱ्या आठवड्यात शरीराला खरोखर मोकळे सापडलेले दिवस आहेत. साधन बदलल्याने भार बदलत नाही. शरीराला खेळांची विविधता फारशी जाणवत नाही, त्याला कठीण आणि सोपे यांतले अंतर जाणवते.

हे अंतर राखणे बोलण्याइतके सोपे नाही, आणि त्याला दोन्ही खेळांची आपापली कारणे आहेत. सायकलीवर दुखत नाही आणि पुढे दुसऱ्या कोणाचे तरी चाक दिसत असते, त्यामुळे सावकाश फेरी दहाव्या मिनिटालाच शर्यत होऊन बसते. धावताना सायकलीने कमावलेला दम हाताशी असतो, त्यामुळे सोपा वेग आळशीपणासारखा वाटतो. घड्याळात हृदयाचे ठोके पाहून आवर घालू म्हणणाऱ्यांनी एक बारकावा ध्यानात ठेवावा. बहुतेकांचे कमाल ठोके सायकलीवर धावण्यापेक्षा पाच ते दहाने कमी भरतात, कारण सायकलीवर कमी स्नायू कामाला लागतात आणि अंग सावरायचे कष्ट नसतात. धावण्यावरून ठरवलेली ठोक्यांची सोपी मर्यादा तशीच सायकलीला लावली, तर ती सोपी राहत नाही. ऊन असले किंवा पाणी कमी पडले तर त्याच वेगाला ठोके हळूहळू वर सरकतात, ते वेगळेच. माझ्या मते बोलण्याची कसोटी या सगळ्यापेक्षा बरी. पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले तर सोपे, तुकड्यांत बोलावे लागले तर सोपे नाही. क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी उत्तम दर्जाच्या दमाच्या खेळाडूंचे सराव तपासले तेव्हा त्यांची दहापैकी सुमारे आठ सत्रे अशी सोपी निघाली. हौशी माणसाचे उलटे होते. त्याचे कठीण दिवस पुरेसे कठीण नसतात आणि सोपे दिवस सोपे नसतात, सगळे मधल्या करड्या पट्ट्यात जाऊन बसतात, आणि दोन खेळ असले की तो पट्टा दोन्ही बाजूंनी भरतो.

आठवडा मांडताना म्हणून मी कठीण गोष्टी एकत्र आणते आणि सोप्या मोकळ्या सोडते. वेगाचे धावणे आणि चढाची सायकल वेगवेगळ्या दिवशी ठेवून मधला प्रत्येक दिवस खराब करण्यापेक्षा, ज्या दिवशी सकाळी जोराने धावले त्याच संध्याकाळी सायकलीचे जोरकस टप्पे उरकलेले मला परवडते, कारण त्याने पुढचा सबंध दिवस खरा रिकामा राहतो. एकाच दिवशी दोन्ही असतील तर जोराचे धावणे आधी, ताज्या पायांनी. थकलेले स्नायू आघात नीट झेलत नाहीत आणि त्यांनी सोडलेला भार हाडांवर जातो. सायकलीवरून उतरून लगेच धावण्याचा सराव ट्रायथलॉन (पोहणे, सायकल, धावणे) आणि ड्युएथलॉन (धावणे, सायकल, पुन्हा धावणे) करणाऱ्यांना लागतो, त्यांनी तो करावा, पण दहा-पंधरा मिनिटांत पाय जुळून येतात, आणि एकदा जुळल्यावर पुढचा तास त्या सरावात नवे काही घालत नाही. लांब धावल्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊण तास हलक्या गिअरमध्ये सायकल फिरवली तर पाय मोकळे होतात, हे खरे आहे. फक्त त्या फेरीत एकही चढ शोधून काढायचा नाही आणि कोणाचीही सोबत घ्यायची नाही, कारण सोबत आली की पाऊण तासाचे दोन तास होतात. आठवड्यातला एक दिवस दोन्हींपैकी काहीच नाही. त्या दिवशी सायकल पुसावी.

वाढ किती करावी याविषयी आठवड्याला दहा टक्क्यांचा नियम सर्वांना तोंडपाठ असतो. २००८ साली नेदरलँड्समध्ये नवशिक्या धावणाऱ्यांवर तो तपासला गेला, तेव्हा दहा टक्क्यांच्या शिस्तीने सावकाश वाढवणाऱ्यांत आणि नेहमीच्या, अधिक वेगवान कार्यक्रमाने वाढवणाऱ्यांत दुखापतींचे प्रमाण सारखेच, साधारण पाचात एक, निघाले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक धावणाऱ्यांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासाने बोट दुसरीकडे ठेवले आहे. आठवड्याच्या बेरजेपेक्षा, मागच्या तीस दिवसांतील सर्वांत लांब धावण्याच्या तुलनेत एखाद्या दिवशी दहा टक्क्यांहून मोठी उडी घेणे दुखापतीशी जोडलेले दिसले. दोन खेळ करणाऱ्याने हे दुसऱ्यांदा वाचावे. दर आठवड्याला सायकलीवर चार तास बसणाऱ्याला दोन तासांचे धावणे मोठे वाटतच नाही, आणि त्याने त्या महिन्यात तासाभराच्या पलीकडे पाऊल टाकलेले नसते.

अतिरेक झाला हे ओळखायचे कसे, याचे सरळ उत्तर वैद्यकशास्त्राकडेही नाही. २०१३ साली युरोपीय आणि अमेरिकी क्रीडावैद्यक संस्थांनी मिळून काढलेल्या निवेदनात तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. काही दिवसांच्या विश्रांतीने भरून येणारा आणि पुढे फायदा देणारा थकवा, काही आठवडे ते महिने खाणारा आणि बदल्यात काहीच न देणारा थकवा, आणि महिनोन्महिने कामगिरी पाडून ठेवणारी तिसरी अवस्था. या तिन्हींत नेमका भेद करणारी एकही रक्ततपासणी नाही, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे लहानसहान खुणा एकत्र वाचाव्या लागतात. सकाळची नाडी नेहमीपेक्षा वर राहणे, थकूनही झोप न लागणे, क्षुल्लक गोष्टीवर चिडणे, सर्दी रेंगाळणे, आणि मुख्य म्हणजे बूट किंवा सायकल नजरेला पडली की नकोसे वाटणे. एखादी खूण एखाद्या दिवशी दिसली तर काही बिघडत नाही. दोन-तीन एकदम आल्या आणि आठवडाभर राहिल्या, तर वहीतला पहिला रकाना निम्म्यावर आणावा.

पण त्याआधी ताट पाहावे. ज्याला आपण अतिसराव म्हणतो तो पुष्कळदा अल्पाहार असतो, आणि दोन खेळांची बेरीज करणाऱ्याच्या बाबतीत तर हे फार सहज घडते, कारण धावण्याने भूक काही काळ मरते आणि सायकलीवरचे तीन तास पाण्याच्या बाटलीवर निघून जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या ऊर्जेच्या तुटीला स्वतंत्र नाव देऊन तिची लक्षणे मांडली. हाडे कमकुवत होणे, स्त्रियांची पाळी अनियमित होणे किंवा थांबणे, पुरुषांमधील संप्रेरके घटणे, वारंवार आजारी पडणे हे सारे त्यात येते. पाळी चुकणे म्हणजे सराव चांगला चालल्याची खूण, अशी समजूत मी अनेकींच्या तोंडून ऐकली आहे. ती घातक आहे. दीड तासाहून लांब सायकल असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके चालत्या सायकलीवरच पोटात जावीत. सायकलीवर पोट हिंदकळत नाही, त्यामुळे धावण्यापेक्षा तिथे खाणे कितीतरी सोपे जाते, आणि ही सोय न वापरता उपाशी घरी येणाऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या धावण्याची किंमत आदल्या दिवशीच ठरलेली असते.

आणि नडगी खरोखर दुखावलीच, धावणे सुटले, तर सायकल हा मोठाच आधार असतो. डॉक्टरांनी मुभा दिली असेल तर काही आठवडे केवळ सायकलीवर दम बराचसा टिकवता येतो. खरी अवघड वेळ त्यानंतरची आहे, कारण परत धावायला निघालेल्या माणसाचे हृदय पूर्वीइतकेच तयार आणि हाड नुकतेच सांधलेले असते. अर्धा तास भरभर चालून दुखत नसेल तर एक मिनिट धावणे, एक मिनिट चालणे, असे वीस मिनिटे करावे, आणि तेही एक दिवसाआड. मधल्या दिवशी अंगठ्याने नडगी दाबून पाहावी. ती कुरकुरली तर पुढचे धावणे वाढवू नये, मग श्वास कितीही मोकळा असो. पहिले काही आठवडे धाप लागेल इतके धावायचेच नसते. धाप हवीच असेल, तर दुसऱ्या दिवशी सायकलीवर, चढाच्या रस्त्याला, ती हवी तेवढी मिळते.